आजीला माणसं दिसतात? देवऋषी नको, डॉक्टर गाठा

संध्याकाळची वंदना आटोपते. आजी रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून सुनेला म्हणते, "त्या पोरांना चहा दे गं." शेजारी कुजबुज सुरू होते, "बाहेरचं दिसतंय. देवऋष्याकडे न्या." लासलगावात कांद्याच्या खळ्यावर जन्मभर राबलेल्या एखाद्या आजीच्या घरात असं घडलं, तर आम्ही एवढंच सांगू: हा मेंदूचा आजार असू शकतो.

या आजाराचं नाव लेवी बॉडी डिमेन्शिया. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. डॉ. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत बारीक गोळे पाहिले. एका प्रथिनाचे हे गोळे मेंदूत साचतात, पेशी निकामी होत जातात आणि आजार हळूहळू वाढतो.

अल्झायमरमध्ये बहुधा विसरणं आधी येतं. इथं सुरुवातीला आठवण बरी असू शकते. म्हणून ही लक्षणं ओळखा:

• नसलेली माणसं, मुलं, जनावरं स्पष्ट दिसणं
• सकाळी शुद्धीवर, दुपारी गोंधळलेलं, अशी चढउतार
• हालचाल मंदावणं, अंग ताठरणं, पाय ओढत चालणं, तोल जाणं
• झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं. हे बरीच वर्षं आधीपासूनही असू शकतं

एक धोका नीट ध्यानात ठेवा. भास थांबवायला दिली जाणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं या रुग्णांच्या जिवावर बेतू शकतात. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. डॉक्टरांना भास, ताठरपणा आणि झोपेतली धडपड, तिन्ही सांगा. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर लघवीचा संसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी होणं हेही कारण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण योग्य औषधांनी त्रास कमी होतो. घरातही बरंच करता येतं. आजीशी वाद घालू नका, हसू नका. "मी आहे ना जवळ," म्हणा. रात्री दिवा राहू द्या, वाटेतलं सामान उचला. सून एकटीच रोज बुडवून घरी बसते, तिची पाळी मुलानेही घ्यावी, विहारातल्या महिला मंडळानेही. सल्ल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ते येवला आपल्या शेजारीच आहे. तिथून निघालेली वाट धरलेल्या घरांनी आजारपणात अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे मागे वळू नये. आजीला हवा आहे डॉक्टर आणि आपल्या माणसांची करुणा.

जयभीम!