कॉम्प्युटर स्लो झालाय? नवीन घेण्याआधी एवढं करून बघा

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे खरिपाच्या पीक विम्याची धांदल. चारठाणा असो की जिंतूर, सेवा केंद्रापुढे सातबारा, आधार आणि पासबुक हातात घेऊन माणसं उभी असतात, आणि आत कॉम्प्युटरवर निळं चक्र गोल गोल फिरत असतं. दहा मिनिटांच्या अर्जाला अर्धा तास लागला की रांगेतल्या शेवटच्या माणसाचा नंबर त्या दिवशी लागत नाही. खुरपण सोडून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी गेली. घरी एकच जुना कॉम्प्युटर आहे आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय, अशा पोरांची गतही तीच.

अशा वेळी ठरलेलं उत्तर असतं, "डबा झालाय, आता नवीनच घ्यावा लागेल." थांबा. दहा-बारा वर्षांच्या कॉम्प्युटरचाही प्रोसेसर सहसा फॉर्म भरायला, टायपिंगला, प्रिंट काढायला पुरेसा असतो. अडलेलं असतं दुसरीकडेच. ते कुठे हे आधी शोधायचं, आणि मगच खिशात हात घालायचा.

नक्की स्लो कोण आहे?

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर स्लो आणि साईट स्लो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या तारखेला राज्यभरातले लोक एकाच पोर्टलवर तुटून पडतात, तेव्हा सर्व्हरच अडखळतो. तिथे तुमच्या मशीनचा काही दोष नसतो. ओळखायचं कसं? इंटरनेट न लागणारं काम करून बघा. डेस्कटॉपवरची एखादी वर्डची फाइल उघडा, फोल्डरमध्ये आत-बाहेर करा. ते झटपट होत असेल तर अडचण नेटची किंवा पोर्टलची आहे. मोबाइलचं हॉटस्पॉट वापरत असाल तर फोन खिडकीजवळ ठेवा, जमलं तर अर्ज सकाळी लवकर भरा. साधी फाइल उघडायलाही वेळ लागत असेल, तर मात्र पुढे वाचा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशीच खिडकी दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करा. आता वर तीन रकाने बघा: सीपीयू, मेमरी आणि डिस्क. प्रत्येकाखाली टक्के दिसतात. मशीन रखडलेली असतानाच हे बघायचं, निवांत असताना नाही.

डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली असेल आणि सीपीयू १०-२० टक्क्यांवर आरामात असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. जुन्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त वेळा हेच दिसतं. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. आणि काहीच उघडलेलं नसताना सीपीयू १०० टक्के दाखवत असेल, तर एखादा प्रोग्रॅम उगाच धिंगाणा घालतोय. त्या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

आधी फुकटातले उपाय

रिस्टार्ट करा. हसू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. त्यामुळे 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणजे रोज रात्री इमानदारीने बंद केलेला कॉम्प्युटरही महिनाभर खऱ्या अर्थाने बंद झालेला नसतो. 'रिस्टार्ट' मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा तरी करा.

मग टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' टॅब उघडा. कॉम्प्युटर चालू झाल्याबरोबर कोण कोण आपोआप उठून बसतं, त्याची यादी इथे आहे. गाण्यांचं ॲप, मीटिंगचं ॲप, टोरंट, कधीतरी एकदा वापरलेलं पीडीएफ सॉफ्टवेअर, यांची सकाळी सकाळी काही गरज नसते. त्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. सॉफ्टवेअर निघून जात नाही, फक्त स्वतःहून सुरू व्हायचं थांबतं.

सेवा केंद्रवाल्यांनी मात्र इथे हात जपून चालवावा. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर, प्रिंटर-स्कॅनरचा प्रोग्रॅम आणि अँटिव्हायरस यांना हात लावू नका. आरडी सर्व्हिस बंद झाली की अंगठा घेतलाच जात नाही, आणि आपण अर्धा दिवस केबल काढून घालत बसतो. एखाद्या प्रोग्रॅमचं नाव ओळखीचं नसेल तर आधी शोधून बघा, मगच बंद करा.

मराठी टायपिंगचंही असंच. एकाच मशीनवर आयएसएम, श्रीलिपी आणि शिवाय एखादं फोनेटिक टूल अशी तीन-तीन सॉफ्टवेअर सुरू असलेली बरीच ठिकाणी दिसतात. जे रोज लागतं ते ठेवा. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलेला आहे. युनिकोडमध्ये टायपिंग करायचं असेल तर वेगळं काही टाकायची गरज नाही.

आता सी ड्राइव्ह. 'धिस पीसी' उघडल्यावर सी ची पट्टी लाल दिसत असेल तर विंडोजला हालचालीला जागा उरलेली नाही. साधारण १५ ते २० टक्के जागा रिकामी असलेली बरी. 'सेटिंग्ज', मग 'सिस्टीम', मग 'स्टोरेज', मग 'टेम्पररी फाइल्स' असं जा. इथे तात्पुरत्या फाइल्स, जुन्या अपडेटचा कचरा, रिसायकल बिन अशी यादी येते. कचरा खुशाल काढा. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' चाही चौकोन असतो. त्यावर चुकून टिक केली की डाउनलोड फोल्डरमधलं सगळं साफ. लोकांच्या पावत्या, दाखले, स्कॅन केलेली कागदपत्रं बहुतेकांकडे तिथेच पडलेली असतात, म्हणून आधी तो फोल्डर स्वतः उघडून नीट बघा, लागेल ते डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर हलवा. आणि गावातल्या दोनशे लोकांच्या आधार कार्डाच्या पीडीएफ तिथे वर्षभर पडून असतील, तर स्पीडचा विषय बाजूला ठेवा, त्या काम झाल्यावर काढल्याच पाहिजेत. ज्याचं कार्ड आहे त्याने ते तुम्हाला एका अर्जापुरतं दिलेलं असतं.

ब्राउझरमध्ये एकाच वेळी पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर ४ जीबी रॅमचा जीव तिथेच जातो. क्रोममध्ये सेटिंग्जच्या 'परफॉर्मन्स' भागात 'मेमरी सेव्हर' आहे, तो चालू करा. न वापरातली एक्स्टेन्शन्स काढून टाका.

हे मात्र करू नका

'तुमचा पीसी ३०० टक्के फास्ट करा' असं म्हणणारी बूस्टर, क्लीनर, रजिस्ट्री फिक्सर छापाची सॉफ्टवेअर टाकू नका. ती स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात, भीतीदायक आकडे दाखवतात आणि शेवटी पैसे मागतात. रजिस्ट्री साफ केल्याने वेग वाढल्याचं जाणवत नाही, बिघाड मात्र होऊ शकतो. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नका, प्रत्येक फाइल दोघंही तपासत बसतात. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. आणि क्रॅक करून चालवलेलं विंडोज किंवा ऑफिस असेल, तर त्या क्रॅकसोबत आणखी काय आत आलंय ते सांगता येत नाही. ज्या मशीनवर लोकांचे बँक खाते क्रमांक टाइप होतात तिथे तर हे नकोच.

धूळ आणि ऊन

मराठवाड्यात हा मुद्दा पुण्या-मुंबईपेक्षा मोठा आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, वर पत्रे, आणि सीपीयूचा डबा टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेला. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. सकाळी ठीक चालणारा कॉम्प्युटर दुपारी दोनला रडायला लागला आणि पंखा विमानासारखा ओरडत असेल, तर संशय इथेच घ्या.

बंद करा, प्लग काढा, डब्याची बाजू उघडा आणि ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून खराब होऊ शकतं. ओलं फडकं आत नको. डबा भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. बरीच वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती बदलायचं काम दुकानदाराकडून करून घ्या, मोठा खर्च नसतो.

पैसे घालायचेच तर कुठे?

एकच उत्तर द्यायचं झालं तर एसएसडी.

कारण समजून घेऊ. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक गोल तबकडी फिरत असते, डेस्कटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण एखादी फाइल वाचायची तर वाचणारी सुई आधी योग्य जागी सरकवावी लागते आणि मग तो तुकडा फिरत फिरत सुईखाली यायची वाट बघावी लागते. अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच होतात. आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक बारीक फाइल्स वाचायच्या असतात! तलाठ्याच्या दप्तरात गाठोडी सोडून एकेक कागद शोधायचा आणि ऑनलाइन सातबारा गट नंबर टाकून काढायचा, इतका फरक समजा. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये. तीच विखुरलेली वाचनं साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारोंनी करते. म्हणूनच दोन-तीन मिनिटं घेणारा कॉम्प्युटर एसएसडी टाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहतो. मशीन तीच, प्रोसेसर तोच.

अडीच इंची साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कवाल्या जवळपास सगळ्या डेस्कटॉपमध्ये आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये बसते. विंडोज आणि रोजच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी पुरते. जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर डेस्कटॉपमध्ये ती फोटो आणि कागदपत्रांसाठी तशीच ठेवता येते. भाव सतत वर-खाली होतात, त्यामुळे जिंतूर, परभणीत दोन-तीन दुकानांत विचारा. पक्कं बिल घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटी त्यावरच मिळते.

काम सुरू करायच्या आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्या. हे दुकानदारावर सोडू नका. जुन्या डिस्कची नक्कल नव्यावर उतरवता येते किंवा विंडोज नव्याने टाकता येतं. मशीनमध्ये खूप कचरा असेल तर नव्याने टाकलेलं बरं. घरीच नक्कल करत असाल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय सुरू करू नका. मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. आणि जुनी डिस्क कट-कट आवाज करत असेल किंवा फाइल उघडताना एरर देत असेल, तर वेगाचा विचार सोडा, आजच बॅकअप घ्या.

रॅमचा नंबर दुसरा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी कायम भरलेली दिसत असेल तर ४ चं ८ जीबी करा. 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये 'मेमरी' वर क्लिक केलं की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, लॅपटॉपची आणि डेस्कटॉपची वेगळी असते, म्हणून जुनी रॅम काढून दुकानात सोबत न्या. तुमचं विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही, आधी ६४ बिट विंडोज टाकावं लागेल.

विंडोज १० चं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स थांबवली. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येत नाहीत. घरगुती वापरासाठी नोंदणी करून एक वर्षाची वाढीव सुरक्षा अपडेट्स घ्यायची सोय कंपनीने ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमची मशीन त्यात बसत नसेल तर एसएसडीवर पैसे घालण्याआधी हा हिशेब करा. घरी अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ एवढंच काम असेल तर एसएसडी टाकून लिनक्स मिंट लावा, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. सेवा केंद्राला ते जमणार नाही, कारण अंगठ्याची बहुतेक मशीन विंडोजवरच धडपणे चालतात. त्यांनी एसएसडी घेतली तरी ती वाया जात नाही, उद्या दुसरा कॉम्प्युटर घेतला तर काढून त्यात बसवता येते.

आणि केंद्रवाल्यांनी हे सगळं जूनमध्येच उरकून घ्यावं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.