न कापता, न खरवडता : न्यूट्रॉन आणि पुरावस्तू

जुन्या तलवारीचे पोलाद कोणते, मूर्तीच्या काशात कथील किती, हे तपासायला पूर्वी वस्तूचा कपचा काढावा लागे. वस्तूवर न्यूट्रॉनचा झोत सोडून तपासले तर बऱ्याचदा ते टळते. पण या तंत्राविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत.

गैरसमज : न्यूट्रॉन लागलेली वस्तू कायमची किरणोत्सारी होते.
वस्तुस्थिती : किरणोत्सार निर्माण होतो, पण झोत बेताचा असल्याने तो सहसा लवकर ओसरतो. उदाहरणार्थ, काशातल्या तांब्यापासून तयार होणाऱ्या तांबे-६४चे अर्धायुष्य १३ तासांहून कमी आहे. चांदी किंवा कोबाल्ट असेल तर जास्त जपावे लागते. म्हणून झोताचा वेळ आधीच हिशेबाने ठरवतात आणि किरणोत्सार मोजल्याशिवाय वस्तू परत देत नाहीत.

गैरसमज : एवढ्यासाठी क्ष-किरण पुरेत.
वस्तुस्थिती : क्ष-किरण प्रतिदीप्तीने धातूचा वरचा पातळ थरच कळतो आणि जमिनीत पुरलेल्या वस्तूवर तो बहुधा गंजाचा असतो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो कित्येक सेंटिमीटर धातू भेदून थेट अणुकेंद्राशी भिडतो.

गैरसमज : न्यूट्रॉनने फक्त मूलद्रव्ये कळतात.
वस्तुस्थिती : घडणही कळते. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये भारतात घडवलेली सुमारे ७५ सेंटिमीटरची शमशेर आहे. ब्रिटनमधील आयसिस केंद्रात तिच्यावर न्यूट्रॉन विवर्तनाचा प्रयोग झाला. पोलादात लोह आणि सिमेंटाइट यांचे स्फटिक असतात आणि विवर्तनातून ते ओळखता येतात. सिमेंटाइटमध्ये कार्बन सुमारे ६.७ टक्के असतो, म्हणून त्याचे प्रमाण कळले की पोलादातल्या कार्बनचा हिशेब लागतो. या तलवारीत कार्बन निदान १ टक्का निघाला : हे भारताचे नावाजलेले वूट्झ पोलाद.

गैरसमज : ‘न्यूट्रॉन’ म्हटले की नमुना लागतच नाही.
वस्तुस्थिती : रूढ न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणात काही मिलिग्रॅम नमुना अणुभट्टीत ठेवतात. अखंड वस्तू तपासायची तर तत्क्षण-गॅमा विश्लेषण, विवर्तन किंवा न्यूट्रॉन चित्रण असे पर्याय आहेत.

गैरसमज : यातून वस्तूचे वय कळते.
वस्तुस्थिती : नाही. घटक आणि घडवण्याची रीत कळते. काळ ठरवायला उत्खननातला थर, शैली, कार्बन-१४ असे इतर पुरावे लागतात.

अशा झोतासाठी अणुभट्टी किंवा मोठा त्वरक लागतो. मुंबईत ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘ध्रुव’ अणुभट्टी आहे. संग्रहालयांना एकच विनंती : कपचा काढण्याआधी न्यूट्रॉनचा पर्याय तपासा. निघालेला कपचा पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.