दुबईचा कॅमेरा घरी येईपर्यंत कितीला बसतो?

या पानावर आपण नेहमी सूत, कापड, चामडे आणि किराणा यांच्या व्यापाराविषयी वाचतो. आज मी कॅमेऱ्याविषयी लिहीत आहे. आपली पुष्कळ मुले हल्ली लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढून पोट भरतात. काहीजण साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे कॅटलॉगही काढतात. सुताराला रंधा तसा त्यांना कॅमेरा. मोहल्ल्यातील कोणी ना कोणी आखातात असतोच. त्यामुळे "दुबईहून मागव, स्वस्त पडेल" हा सल्ला त्यांना फुकट मिळतो. २०१९ मध्ये माझ्या भाच्याला हा सल्ला देणाऱ्यांत मीही होतो. तीस वर्षे कापड विकून मी जो हिशेब रोज करतो, तोच त्या दिवशी केला नाही, हे आधीच कबूल करतो.

भाच्याला चांगला कॅमेरा आणि एक लेन्स हवी होती. मुंबईत जीएसटीसह भाव होता १,६०,००० रुपये. तोच संच दुबईच्या दुकानात ७,००० दिरहमला होता. त्या वेळी दिरहम १९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे झाले १,३३,००० रुपये. सत्तावीस हजारांची बचत! लग्नाचा मोसम तोंडावर होता. माझ्या बहिणीने दोन बांगड्या मोडल्या, उरलेली रक्कम नातेवाईकांनी कर्जे हसना म्हणून दिली. पैसे बँकेमार्फत पाठवले, दुबईतील आमच्या एका नातेवाईकाने माल घेतला. आता आणायचा कोणी? आमच्या गल्लीतील एक वयस्कर टेलर मास्टर महिनाभर मुलाकडे शारजाला गेले होते, ते परत येणार होते. बिचारे म्हणाले, "द्या, एवढासा डबा, त्यात काय?"

मुंबई विमानतळावर ते सरळ ग्रीन चॅनेलने निघाले. एक्स-रेमध्ये डबा दिसला. अधिकाऱ्याने किंमत विचारली, मास्टरांना ती ठाऊक नव्हती. बिल विचारले, ते आमच्या नातेवाईकाच्या मोबाइलमध्ये. कॅमेरा कोणाचा, या प्रश्नाला त्यांनी खरे उत्तर दिले, "माझा नाही." त्यांच्या बॅगेत नातवंडांसाठी घेतलेला सुमारे १५,००० रुपयांचा सामानही होता, तोही मोजला गेला. त्यांच्या खिशात ड्यूटीपुरते पैसे नव्हते, म्हणून पावती देऊन माल ठेवून घेतला. पावती त्यांच्या पासपोर्टवर. म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या माणसाला पुन्हा भाच्याबरोबर मुंबईला जावे लागले. अधिकारी नरम निघाला, दंडावर अडून बसला नाही. तसे झाले असते तर पुढचा हिशेब लिहिण्याची मला हिंमत झाली नसती.

आता हिशेब पाहा. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल ड्यूटीशिवाय आणता येत होता (नेपाळ, भूतान, म्यानमार यांसाठी मर्यादा वेगळी आणि कमी). त्यावरील रकमेवर ३५ टक्के ड्यूटी, आणि २०१८ पासून त्या ड्यूटीवर १० टक्के समाज कल्याण अधिभार, मिळून ३८.५ टक्के. कॅमेरा १,३३,०००, भेटवस्तू १५,०००, एकूण १,४८,०००. त्यातून ५०,००० वजा केले की राहिले ९८,०००. त्यावर ३८.५ टक्के म्हणजे ३७,७३० रुपये. मास्टरांनी नुसते नातवंडांचे सामान आणले असते तर त्यांना एक पैसाही पडला नसता, म्हणून ही सारी रक्कम भाच्याच्याच खात्यात धरायची. कॅमेरा बसला १,७०,७३० रुपयांना. बँकेचा खर्च आणि मुंबईच्या दोन फेऱ्या यात धरलेल्या नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ड्यूटीची सवलत ही त्या प्रवाशाचा हक्क आहे. आपण आपला माल त्याच्या बॅगेत टाकतो तेव्हा त्याच्या नातवंडांच्या वाट्याची सवलत आपण खातो. कायद्याच्या दृष्टीनेही बॅगेज म्हणजे प्रवाशाचे स्वतःचे सामान. दुसऱ्याचा माल वाहून आणणे नव्हे. तो माणूस भिडेपोटी "माझाच आहे" म्हणाला असता, तर तो खोटे आपल्यासाठी बोलला असता आणि गुन्हा त्याच्या नावावर लागला असता. बहीण त्यांच्या घरी माफी मागायला गेली. मास्टरांनी चहा पाजला, पण पुढच्या वर्षी ते पुन्हा शारजाला गेले ते आम्हाला न सांगता.

खरी चूक मात्र याहून मोठी होती, आणि ती विमानतळावर नव्हे, माझ्या गादीवर झाली. भाच्याकडे जीएसटी नंबर होता. भिवंडीच्या ज्या पार्ट्यांचे कॅटलॉग तो काढतो त्यांना टॅक्सचे बिल लागते. कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. म्हणजे मुंबईच्या १,६०,००० च्या भावात २४,४०७ रुपये जीएसटी होता. धंद्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्याच्या या कराचे क्रेडिट त्याला आपल्या बिलांच्या करातून वळते करून घेता आले असते. ते धरले तर मुंबईचा कॅमेरा त्याला १,३५,५९३ रुपयांना बसत होता. दुबईच्या दुकानातील भावापेक्षा अवघे अडीच हजार जास्त! विमानतळावर भरलेली रक्कम ही कस्टमची ड्यूटी असते. जीएसटी नसतो, त्यामुळे तिचे क्रेडिट नाही. सत्तावीस हजार वाचवायला निघालेला मुलगा पस्तीस हजारांनी खाली आला. कापडाच्या प्रत्येक गाठीवर मी इनपुट क्रेडिट धरतो. कॅमेरा माझ्या डोक्यात 'मुलांची वस्तू' होता, धंद्याचे औजार नव्हता, म्हणून सुचले नाही. (ज्यांची नोंदणी नाही किंवा जे कंपोझिशनमध्ये आहेत त्यांना हे क्रेडिट मिळत नाही. त्यांनी मूळ १,६०,००० चीच तुलना करावी.)

दुबईत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. पर्यटकाला तो बराचसा विमानतळावर परत मिळतो. पण खरेदी पर्यटकाने स्वतः, आपला पासपोर्ट दाखवून केलेली असावी लागते. आमचे बिल तेथे राहणाऱ्या नातेवाईकाच्या नावाचे होते, आणि रहिवाशाला परतावा नाही. सुमारे ३३३ दिरहम, म्हणजे सहा हजारांवर रुपये तेथेच राहिले. आपले पुष्कळ लोक उमऱ्याला जातात तेव्हा जिद्दा किंवा मक्केहून घेऊ म्हणतात, त्यांनी लक्षात घ्यावे की सौदीने जुलै २०२० मध्ये व्हॅट ५ वरून १५ टक्के केला. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही, हे खरे. पण तेथील पर्यटकांच्या गल्ल्यांत असे दुकानदारही भेटतात की कॅमेऱ्याचा भाव कमी सांगायचा आणि डब्यातील बॅटरी, चार्जर, पट्टा वेगळे काढून त्यांचे पैसे निराळे लावायचे. आपल्याकडे शेरवानीच्या भावात ओढणी नसते तसाच हा प्रकार.

वॉरंटीचेही तसेच. पुष्कळ कंपन्यांची कॅमेऱ्याची वॉरंटी ज्या देशात विकला त्या देशापुरती असते. भाच्याच्या कॅमेऱ्याचा फोकस आठव्या महिन्यात बिघडला. सर्व्हिस सेंटरने नंबर पाहिला आणि सांगितले, हा माल भारताचा नाही, दुरुस्ती पैसे देऊन होईल. तीन आठवडे भाड्याचा कॅमेरा घेऊन त्याने लग्ने केली. जे बाहेरूनच घेणार आहेत त्यांनी दुकानात एवढे तरी विचारावे: हे वॉरंटी कार्ड भारतात चालेल का, आणि डबा, कॅमेरा व कार्ड या तिन्हींवर नंबर एकच आहे का. दुबईतही दुसऱ्या देशासाठीचा माल फिरून आलेला असतो. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या काही कॅमेऱ्यांत मेन्यू फक्त जपानी भाषेत असतो. स्टुडिओचे मोठे फ्लॅश जपान-अमेरिकेतून आणू नयेत. कॅमेऱ्याचा चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण तेथील फ्लॅश १०० किंवा ११० व्होल्टचा असला तर आपल्या २३० च्या लाइनवर जळतो. दुबईचा विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, ही अडचण तेथे नाही.

नव्वदच्या दशकात एका ओळखीच्या गृहस्थांनी अमेरिकेहून व्हिडिओ कॅमेरा आणला होता. तो एनटीएससीचा, आपले टीव्ही पालचे. संपूर्ण निकाह काळ्यापांढऱ्या पट्ट्यांत दिसला. आताच्या बहुतेक कॅमेऱ्यांत दोन्ही पद्धती निवडता येतात, पण सर्वांत नाही; पाहून घ्यावे.

आपल्याकडे आणखी तीन समज पक्के बसले आहेत. पहिला, नवरा-बायको बरोबर असले की दोघांची सवलत एका कॅमेऱ्यावर जोडता येते. येत नाही, एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येणार नाही, असे नियमातच लिहिले आहे. दुसरा, डबा फेकून कॅमेरा गळ्यात अडकवला की तो 'जुना' होतो. अधिकारी मॉडेल पाहून किंमत काढतात, आणि खोटे सांगितल्याचे ठरले तर माल जप्त होऊन वर दंड बसू शकतो. शिवाय डब्याशिवाय कॅमेरा पुढे विकायला गेलात तर बोरा बाजारचा व्यापारी त्याचेही पैसे कापतो. तिसरा समज कारागिरांचा: हे माझे पेशाचे औजार आहे, त्याला सवलत मिळेल. १९९८ च्या बॅगेज नियमांत पेशाच्या औजारांची सवलत होती. सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी यांची नावे घेऊन दिलेली होती. आणि त्याच वाक्यात पुढे म्हटले होते की कॅमेरा, टाइपरायटर यांसारख्या वस्तू त्यात येत नाहीत. फोटोग्राफरला सरकारने तेव्हाही कारागीर धरले नाही. मला हे पटत नाही, पण विमानतळावर माझे मत चालत नाही. आखातात बराच काळ नोकरी करून परतणाऱ्यांना घरगुती सामानासाठी निराळी सवलत असते, त्यांनी ती जरूर विचारावी.

२०२६ च्या फेब्रुवारीत नवे बॅगेज नियम आले आणि ५०,००० ची मर्यादा ७५,००० झाली. आमचाच हिशेब नवी मर्यादा आणि जुना दर धरून केला तर ड्यूटी २८,१०५ येते आणि कॅमेरा १,६१,१०५ ला बसतो. मुंबईपेक्षा तरीही महाग. दिरहमही १९ वर राहिलेला नाही. २०२४ मध्येच तो २२ च्या वर गेला होता. मर्यादा आणि दर दोन्ही बदलत असतात, तेव्हा ज्या दिवशी तिकीट काढाल त्या दिवशीचे आकडे कस्टमकडून पाहून घ्यावेत.

मग बाहेरून काही घेऊच नये काय? तसे नाही. तुम्ही स्वतः कामासाठी जाताच आहात, जीएसटीत नाही, आणि एखादी लेन्स घेतली जी इतर खरेदीसह मर्यादेच्या आत बसते, तर बचत खरी आहे. लेन्समध्ये बिघाडही कॅमेऱ्यापेक्षा कमी. बिल आपल्या नावाचे घ्यावे, व्हॅटचा परतावा विमानतळावर घ्यावा, सुट्या बॅटऱ्या हातातील बॅगेत ठेवाव्यात. सामानात टाकल्या तर काढून घेतात. परदेशी कार्ड वापरण्याआधी बँकेला विचारावे, पुष्कळ कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के वरचे लागतात आणि वापरणाऱ्याला ते महिन्याने समजते. आपला कॅमेरा घेऊन परदेशात लग्नाच्या कामाला जात असाल तर जाताना कस्टमकडे त्याचा नंबर नोंदवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावे, नाहीतर येताना आपल्याच कॅमेऱ्यावर ड्यूटी मागतील. चार-पाच नग आणून विकण्याचा विचार असेल तर ते बॅगेजच नव्हे. त्यासाठी आयात-निर्यात कोड घेऊन रीतसर आयात करावी लागते. विकायला आणलेल्या मालावर जकातही निघते, वापरायच्या औजारावर निघत नाही; कोणता माल कोणत्या वहीत लिहायचा हे आधी ठरवलेले बरे.

ड्रोन मात्र मुळीच आणू नये. सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद ठेवले. लग्नासाठी म्हणून कोणी बॅगेत आणला तर ड्यूटीचा प्रश्नच येत नाही, तो जातोच.

२०२२ मध्ये भाच्याने दुसरा कॅमेरा बोरा बाजारमधून घेतला. जीएसटीचे बिल, दोन वर्षांची वॉरंटी, आणि दुकानदाराने तीन महिन्यांचे तीन चेक घेतले, व्याज एक पैसा नाही. घेण्यापूर्वी तो माझ्याकडे कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मामू, आता कापडासारखा हिशेब करा." पहिला कॅमेरा अजून त्याच्याकडे आहे, हळदीच्या कार्यक्रमांना मदतनीस मुलगा वापरतो. बहिणीच्या बांगड्या मात्र २०२३ च्या ईदला झाल्या. तोवर सोन्याचा भाव कुठे गेला होता, हे सराफ वाचकांना सांगायला नको.