‘ब्रेस्ट लिफ्ट’ करून घ्यावी का?

बाळंतपणानंतर किंवा वजन बरेच घटल्यावर स्तन ओघळतात, ही तक्रार स्त्रिया डॉक्टरांपाशीदेखील संकोचानेच मांडतात. जाहिरातींमुळे ‘ब्रेस्ट लिफ्ट’ हा शब्द आता परिचयाचा झाला असला, तरी या शस्त्रक्रियेने काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत.

स्तनातील दुग्धग्रंथी व चरबी यांना आतले तंतुमय बंध आणि बाहेरची त्वचा आधार देतात. वय, गर्भारपण, वजनातील चढउतार आणि धूम्रपान यांमुळे हा आधार सैल होतो. आपल्याकडे याचा दोष स्तनपानाला देण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. गर्भारपणे वाढतात तसे ओघळणे वाढते, स्तनपानाचा वेगळा परिणाम अभ्यासात दिसलेला नाही. सैल पडलेला हा आधार मलमाने वा मालिशने पूर्ववत होत नाही. व्यायामाने बळकट होतात ते स्तनांमागचे स्नायू.

स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या पातळीत असेल तर ओघळ सौम्य, त्याखाली गेले असेल तर मध्यम, आणि स्तनाच्या तळाशी येऊन जमिनीकडे वळले असेल तर तीव्र मानला जातो. छेद कुठवर घ्यायचा हे यावरून ठरते. सौम्य ओघळात स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने, मध्यम असेल तर तेथून खाली उभा, आणि तीव्र असेल तर घडीतून आडवाही छेद घेतात. जादा त्वचा काढून आतील ग्रंथींची नव्याने रचना केली जाते. स्तनाग्र ऊतींशी जोडलेले ठेवूनच वर सरकवतात. पूर्ण भूल देऊन होणारी ही शस्त्रक्रिया साधारण दोन-तीन तास चालते.

स्तन यामुळे मोठे होत नाहीत. त्यासाठी कृत्रिम रोपण हा निराळा उपाय आहे. जड स्तनांमुळे खांदे दुखत असतील, किंवा किनारपट्टीच्या दमट हवेत घडीखाली वारंवार घामोळे व चट्टे उठत असतील, तर स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी विचारावे.

खरी किंमत व्रणांची. ते वर्षभरात फिकट होतात, पुसले जात नाहीत. कान टोचल्याजागी किंवा लसीच्या खुणेवर ज्यांची त्वचा जाड, उंचवट्यासारखी वाढली आहे, त्यांनी हे आधीच सांगावे. संवेदना कमी होणे, दोन बाजूंत फरक राहणे, पुढे अंगावर पाजण्यात अडचण येणे हेही संभवते. क्वचित स्तनाग्राचा रक्तपुरवठा खंडित होतो. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका वाढतो, म्हणून ते कित्येक आठवडे आधी बंद करावे लागते. पुन्हा मूल हवे असेल किंवा वजन अजून स्थिर नसेल, तर थांबणेच शहाणपणाचे, कारण केलेली उंचावणी पुन्हा ढळते. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीने आधी मॅमोग्राफी करून घ्यावी. गाठ जाणवत असेल, तर वय काहीही असो, प्रथम तिचीच तपासणी व्हावी.

केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम. सीएच. किंवा डीएनबी आहेत ना, भूल कोण देणार, हे निःसंकोच विचारावे. वर्षभरानंतरच्या व्रणांची छायाचित्रेही पाहावीत. पतीच्या किंवा कुणाच्या टोमण्यापायी घाई करू नये. ही शस्त्रक्रिया लांबवल्याने प्रकृतीचे काही बिघडत नाही. नंतर चार ते सहा आठवडे पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर वा कडेवरचे मूल उचलता येणार नाही, तेव्हा त्या दिवसांत घरात हाताशी कोण असेल, हे तारीख घेण्याआधी ठरवावे.