मामाची मारुती आणि सदतीस घोडे

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि पहिल्याच दिवशी आमच्या पाचवीतल्या एका पठ्ठ्यानं मला गाठलं. वहीच्या कव्हरवर लालभडक स्पोर्ट्‌स कारचं चित्र. म्हणाला, "सर, आमच्या मामानं जुनी मारुती आठशे घेतलीय. आता तिला मागं शेपूट बसवणार, रुंद टायर टाकणार, सायलेन्सर बदलणार. बारा हजार बाजूला काढलेत. मग ती ह्या चित्रातल्या गाडीवानी पळंल का हो?"

'नाही पळणार' म्हणून फळ्याकडं वळणं सोपं होतं. पण प्रश्न चांगला होता, आणि बारा हजार म्हणजे काही चिंचोके नव्हेत! खिशात पैसे मोजकेच असतील आणि गाडी जास्त चपळ करायची असेल, तर ते पैसे घालायचे कुठं?

आम्ही आधी मैदानावर गेलो. एक सायकल घेतली आणि माझं मनगटी घड्याळ. एका पोराला हापशापासून कडुलिंबापर्यंत जोरात सायकल मारायला लावली. मग त्यालाच दम खाऊ दिला आणि डबलशीट पाठवलं. दुसऱ्या वेळी बिचाऱ्याला सायकल हलवतानाच घाम फुटला. पाय तेच, सायकल तीच. फरक फक्त मागं बसलेल्या दोस्ताचा!

वर्गात येऊन फळ्यावर गणित मांडलं. तुम्हीही वही घ्या. इंजिनाची ताकद अश्वशक्तीत मोजतात. आपण सरळ घोडेच म्हणू. १९८३ साली आलेली आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली मारुती आठशे तुमच्या आईबाबांनी नक्की पाहिली असेल. तिच्या बहुतेक गाड्यांत साधारण ३७ घोडे आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. ६५० भागिले ३७. म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला साडेसतरा किलो ओझं. आता तिच्यात साठ-साठ किलोची पाच माणसं बसवा आणि डिक्कीत गव्हाचं पन्नास किलोचं पोतं टाका. झाले हजार किलो! एका घोड्याला आता सत्तावीस किलो ओढायचे आहेत. घोडे वाढवायला पैसे लागतात. ओझं उतरवायला काय लागतं?

इंग्लंडमधल्या कॉलिन चॅपमन या तरुण इंजिनियरनं हेच गणित मांडलं होतं. खिसा तसा रिकामाच. १९४८ च्या सुमारास त्यानं एका जुन्यापुराण्या ऑस्टिन सेव्हनवर खटपट सुरू केली, आणि पुढं १९५७ मध्ये 'लोटस सेव्हन' नावाची चिमुकली स्पोर्ट्‌स कार आणली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचं साधंसुधं इंजिन होतं, फक्त ४० घोड्यांचं. मारुतीपेक्षा तीनच जास्त! पण वजन जेमतेम पाचशे किलो. करा भागाकार. कर वाचावा म्हणून ही गाडी सुट्या भागांत विकत मिळायची आणि लोक ती घरीच जोडायचे.

आपल्याकडंही हे झालं आहे. 'फॉर्म्युला मारुती' नावाच्या शर्यतीच्या गाडीत इंजिन होतं चक्क मारुती आठशेचं! फक्त दारं नाहीत, छप्पर नाही, मागची सीट नाही. एकाच माणसापुरती जागा आणि उघडी चाकं. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन सुरुवातीला ह्याच गाडीच्या शर्यतींत धावला. आणि १९९८ च्या सुमारास आपल्या शेजारच्या गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार तयार होऊ लागली. तिलाही काही राक्षसी इंजिन नव्हतं. रेनो कंपनीचं साठेक घोड्यांचं इंजिन आणि वर पत्र्याऐवजी फायबरची हलकी बॉडी. फार खपली नाही ती, पण डोकं चॅपमनच्याच वाटेनं चाललं होतं.

आता मामाची यादी बघू.

शेपूट. शर्यतीच्या गाडीला मागं जो पंख असतो, तो भरधाव वेगात वाऱ्याच्या जोरानं चाकांना जमिनीवर दाबून धरतो, म्हणजे वळणावर गाडी घसरत नाही. मारुती आठशेचं इंजिन फिरवतं पुढची चाकं. शेपूट दाबणार मागची! आणि आपल्या रस्त्यावरच्या वेगाला दाब तो कितीसा पडणार? वजन मात्र वाढणार. रुंद टायरचं तसंच. ते जड असतात, फिरवायला ताकद जास्त खातात, आणि मापात नसले तर वळताना बॉडीला घासतात. सायलेन्सर बदलला की आवाज दुप्पट होतो आणि आपण दुप्पट पळतोय असा भास होतो, एवढंच. (पालकांनो, गाडीत मन मानेल तसे बदल करायला मोटार वाहन कायद्याची मनाई आहे, हेही घरात बोलून ठेवा.)

मग पैसे घालावेत कुठं? आपल्या बीडच्या फुफाट्यात एअर फिल्टर धुळीनं गच्च भरतो. इंजिनालाही श्वास लागतो ना! तो बदलायचा, प्लग बघायचे, टायरमधली हवा मापात ठेवायची. हवा कमी असलेली सायकल रेटून बघा, म्हणजे कळेल. छतावरचं लोखंडी कॅरिअर विनाकारण असेल तर काढून टाकायचं. मात्र सीटबेल्ट, बंपर आणि स्टेपनी ही 'ओझी' नव्हेत, बरं का.

आणि सगळ्यांत आधी ब्रेक! १९६१ साली जॉन कूपर यांच्या सल्ल्यानं 'मिनी कूपर' ही तेज गाडी आली, तेव्हा इंजिनाची ताकद वाढवतानाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले होते. १९६४ साली ह्याच चिमुकल्या मिनीनं डोंगरातली, बर्फातली माँटे कार्लो रॅली जिंकली, थोराड गाड्यांना मागं टाकून.

ब्रेकचं गणित आम्ही मैदानावर चुन्यानं आखलं. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण ९ मीटरवर थांबते. ताशी ८० ला? पोरं ओरडली, "अठरा!" चूक. छत्तीस! वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. शिवाय डोळ्यांनी बघून पायानं ब्रेक दाबेपर्यंत सेकंदभर जातो, तेवढ्यात ८० च्या वेगानं गाडी आणखी २२ मीटर पुढं गेलेली असते. आमची चुन्याची रेघ हापसा ओलांडून पार कुंपणाबाहेर गेली. सगळे गप्प झाले. कारण मामाचा रस्ता धारूरच्या घाटातला, आणि दिवाळीनंतर तिथं रात्री-अपरात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागं कधी लाल दिवा असतो, कधी नसतो.

पठ्ठ्यानं सगळी गणितं वहीत उतरवून घेतली आणि घरी नेली. पंधरा दिवसांनी सांगत आला, "सर, मामानं कॅरिअर काढलं. ब्रेकचं सगळं नवं टाकलं, पुढचे दोन टायर मूळ मापाचेच घेतले, फिल्टर बदलला. तरी पैसे उरले."

"आणि शेपूट?"

"शेपूट नाही. पण गाडीवर लाल पट्टा मारलाय." मग जरा विचार करून त्यानं विचारलं, "सर, पट्टा किती किलोचा भरत असंल?"