प्रकल्प मुलाचा की आईचा?

दिवाळीची सुट्टी संपली, की तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत आयांची गर्दी वाढते. कार्डशीट, चमकीचे पेन, इंटरनेटवरच्या चित्रांच्या रंगीत प्रिंट... काही दुकानांत तर ‘प्रोजेक्ट करून मिळेल’ अशी पाटीच असते. मूल चौथीत, विषय ‘पाणी’ आणि रात्री अकरा वाजता कात्री-डिंक घेऊन बसलेली कोण? तर आई!

मैत्रिणींनो, मी प्राथमिक शाळेत शिकवते. असे सुंदर प्रकल्प माझ्या टेबलावर दरवर्षी येतात. मुलाला विचारावं, ‘यातून तुला काय कळलं रे?’ तर ते चित्राकडे बघत गप्प उभं राहतं. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. लेखी परीक्षेच्या जोडीला तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प यांनाही जागा मिळाली. हेतू हा, की मुलानं स्वतः शोधावं. पण घरोघरी त्याचं झालं सजावटीचं काम, तेही आईच्या अंगावर.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना संशोधन जमतं का? जमतं. फक्त प्रश्न लहान करून द्यावा लागतो. ‘पाणी’ हा प्रश्न नव्हे, तो नुसता विषय झाला. माझ्या चौथीच्या वर्गात आम्ही दोन दिवस फक्त प्रश्नच काढले. फळा भरला. मग एकेक पुसत गेलो. जो प्रश्न आपल्याला मोजून, बघून किंवा विचारून सोडवता येईल तोच ठेवायचा. शेवटी उरला तो असा : ‘आमच्या घरी रोज किती पाणी भरतात आणि ते कोण भरतं?’

मग अंदाज. प्रत्येकानं आधी आपला अंदाज वहीत लिहिला. तो नंतर चुकीचा ठरला तरी खोडायचा नाही, ही अट. खोडरबर दप्तरातच! त्यानंतर मोजायचं कसं, यावर भांडणं झाली. कुणाकडे हंडा, कुणाकडे कळशी, कुणाकडे प्लास्टिकचा कॅन. एका मुलीनं सुचवलं, ‘बाई, लिटरच्या बाटलीनं आपापलं भांडं मोजू या.’ तिच्या घरचा हंडा भरायला १४ बाटल्या लागल्या. म्हणजे १४ लिटर पाणी, वजन १४ किलो. शिवाय हंड्याचं वजन वेगळं. मुलांचे डोळे मोठे झाले.

सात दिवसांचा तक्ता आखला. वार, भांडी किती, कोणी आणली. एकाच्या तक्त्यात सातही दिवस ‘६ हंडे’. मी सहज विचारलं, ‘रविवारी धुणं जास्त असतं ना, तरी सहाच?’ तो हसला. सगळे आकडे एकाच संध्याकाळी भरले होते त्यानं. रागावले नाही. ‘जे मोजलं नाही ती जागा रिकामी ठेव,’ एवढंच सांगितलं. न मोजलेला आकडा लिहायचा नाही, हे त्या दिवशी अख्खा वर्ग शिकला. माझ्या मते प्रकल्पातला सगळ्यात मोठा धडा हाच.

आठवड्यानंतर बेरीज झाली. २२ घरांपैकी १९ घरांत पाणी भरणारी आई, आजी नाहीतर ताई. वर्गातल्या बहुतेकांचा अंदाज होता, ‘सगळे मिळून भरतात.’ हंडा मोजणाऱ्या त्या मुलीच्या घरी आई रोज नऊ हंडे आणत होती. गुणाकार तिनंच केला, १२६ लिटर. तिची आई तक्ता बघायला आली तेव्हा म्हणाली, ‘बाई, मलाच माहीत नव्हतं हो, मी एवढं वाहते ते!’

सगळेच खूश झाले असं नाही. तक्त्यावर नावं नव्हती; घर १, घर २ एवढंच होतं. तरी एका आजींनी आपलं घर ओळखलं. ‘आमच्या सुनेचे हंडे मोजायला कुणी सांगितलं?’ म्हणून त्या शाळेत आल्या. मी काही बोलायच्या आत नातीनंच विचारलं, ‘आजी, तुझ्या वेळी गं किती हंडे?’ आजी जरा थांबल्या. मग विहीर, रहाट, पहाटेचा अंधार असं सगळं सांगत बसल्या. पुढच्या प्रकल्पाचा प्रश्न आम्हाला आयताच मिळाला.

याला खर्च किती आला? एक कार्डशीट. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंतून मुलांना शिकवून दाखवलं. साधनं नाहीत, ही तक्रार तिथंच संपते.

ही सवय पुढंही उपयोगी पडते. १९९३पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून आपल्या भागातल्या प्रश्नावरचा अभ्यास मागितला जातो. तिथं विकतचा प्रकल्प कसा टिकणार? परीक्षक प्रश्न विचारतात ते मुलाला.

आता तुमच्याकडे ‘आई, प्रोजेक्ट दे ना करून’ अशी भुणभुण लागली, की कात्री हातात घेऊ नका. तीन गोष्टी विचारा : तुला नक्की काय शोधायचंय? ते कसं मोजशील? किती दिवस? उत्तरं त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. सुरी, गॅस, विहीर यांजवळ मात्र सोबत राहा. अक्षर वाकडं येईल, रेघा तिरक्या येतील. येऊ द्या. आणि वर्गशिक्षिकेला जाऊन एकदा स्पष्ट सांगा, की आमच्या मुलाचा प्रकल्प साधा असेल, पण त्याचा त्यानं केलेला असेल. चार आयांनी असं सांगितलं, तर आम्हा शिक्षकांनाही सजावटीला गुण देणं सोडावंच लागेल.