खुल्या जागेवर दोनदा जिंकलेले शिंदे राखीव जागेवर दोनदा का हरले? सोलापूर लोकसभेचा हिशोब

सोलापूरच्या नवी पेठेत कापड घ्यायला गेलात तर दुकानदार मराठीत भाव सांगतो, आतल्या पोराला तेलुगूत हाक मारतो आणि शेजारचं गिऱ्हाईक त्याच्याशी कन्नडमध्ये घासाघीस करत असतं. यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी फासावर चढवलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं बघा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. चार नावं, चार समाज.

असं शहर दिल्लीला कुणाला पाठवतं, हा प्रश्न म्हणूनच गमतीचा आहे. सोशल मीडियावर याची दोन तयार उत्तरं फिरत असतात. एक म्हणजे सोलापूर हा काँग्रेसचा, त्यातही शिंदेंचा बालेकिल्ला. दुसरं म्हणजे जागा राखीव झाली म्हणून ती शिंदेंना सोपी गेली. निकाल काढून बघितले तर दोन्ही उत्तरं टिकत नाहीत.

सुरुवात पहिल्याच निवडणुकीपासून करू. १९५२ साली सोलापूर द्विसदस्य मतदारसंघ होता. म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आणि मतदाराच्या हातात दोन मतं. देशभर काँग्रेसची लाट होती. सोलापूरने मात्र काँग्रेसला दोन्ही जागांवर घरी बसवलं. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले आणि राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज.

फेडरेशन म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पक्ष. त्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत काजरोळकरांकडून हरले होते. अख्ख्या देशात फेडरेशनचे दोनच खासदार लोकसभेत गेले, त्यातला एक सोलापूरचा. गिरणी कामगारांच्या या गावात डाव्या आणि आंबेडकरी राजकारणाची मुळं किती खोल होती, हे यावरून कळतं.

१९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले. १९६२ पासून सोलापूरची जागा खुली झाली, तर शेजारचा पंढरपूर मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव राहिला. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढचा सगळा खेळ तिच्यावर आहे.

खुल्या सोलापुरातून १९६२ मध्ये काँग्रेसचे मादप्पा काडादी निवडून आले. त्यानंतर १९६७, १९७१ आणि १९७७ अशा तीन निवडणुका सूरजरतन दमाणी यांनी काँग्रेसकडून जिंकल्या. ७७ ला देशात इंदिरा गांधी हरल्या, तरी सोलापूर काँग्रेसकडेच राहिलं.

मग आला तेलुगू काळ. १९८० आणि १९८४ ला गंगाधर कुचन, १९८९ आणि १९९१ ला धर्मण्णा सादूल, दोघेही काँग्रेसचे. १९९६ ला लिंगराज वल्याळ, हे भाजपचे. तिघंही पद्मशाली समाजातले. तेलंगणातून आलेला हा विणकर समाज सोलापुरात गिरण्या, यंत्रमाग आणि विडी या धंद्यांवर उभा राहिला, आणि महाराष्ट्रातल्या या शहराचा खासदार सलग १८ वर्षं घरात तेलुगू बोलणारा होता. ९६ ला पक्ष बदलला, पण समाज तोच राहिला. म्हणजे भाजपने सोलापूर पहिल्यांदा जिंकलं ते काँग्रेसचंच गणित वापरून. (हेच सादूल २०२३ मध्ये तेलंगणाच्या केसीआर यांच्या बीआरएसमध्ये गेले, तेव्हा बाहेरच्यांना आश्चर्य वाटलं. सोलापूरकरांना फारसं वाटलं नाही.)

१९९८ मध्ये काँग्रेसने सुशीलकुमार शिंदेंना उतरवलं. सोलापूरच्या कोर्टात शिपाई, मग पोलीस खात्यात फौजदार, मग आमदार आणि मंत्री असा त्यांचा प्रवास सगळ्यांना पाठ आहे. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९९८ आणि १९९९ या दोन्ही निवडणुका त्यांनी खुल्या जागेवरून जिंकल्या. राखीव जागा शेजारी पंढरपूरला होती. तिथे आधी संदिपान थोरात सात वेळा निवडून आले आणि १९९९ पासून रामदास आठवले खासदार होते. दलित नेता खुल्या जागेवर उभा राहून सलग दोनदा निवडून येतो, असं आपल्याकडे क्वचित घडतं.

जानेवारी २००३ मध्ये शिंदे मुख्यमंत्री झाले, खासदारकी सोडली आणि पोटनिवडणूक लागली. राज्याचा मुख्यमंत्री सोलापूरचा, जागा त्याचीच, तरी काँग्रेस हरली. भाजपकडून प्रतापसिंह मोहिते-पाटील जिंकले. पुढच्या वर्षी २००४ ला काँग्रेसने शिंदेंच्या पत्नी उज्ज्वला शिंदेंना तिकीट दिलं. शिंदे अजून मुख्यमंत्रीच होते. दिल्लीत वाजपेयी सरकार गेलं, पण सोलापुरात भाजपचे सुभाष देशमुख निवडून आले. बालेकिल्ला म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षं जरूर आठवावीत.

२००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली. पंढरपूर मतदारसंघच नकाशावरून गेला, त्या बाजूला माढा हा नवा खुला मतदारसंघ आला आणि राखीव जागा सोलापूरकडे सरकली. आज राज्याच्या ४८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी पाच आहेत : सोलापूर, लातूर, शिर्डी, अमरावती आणि रामटेक.

जिल्ह्याचेही तुकडे झाले. अकरा विधानसभा मतदारसंघांपैकी सोलापूर लोकसभेत सहाच आहेत. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढा. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढ्यात गेले आणि बार्शी उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये. पूर्वीच्या राखीव पंढरपूरचा मोठा ग्रामीण पट्टा आता सोलापूरला जोडला गेला. तेलुगू, लिंगायत आणि मुस्लिम मतांचं शहरी गणित करणाऱ्या पुढाऱ्यांना आता भीमाकाठच्या ऊसवाल्या गावांचाही हिशोब मांडावा लागला.

आता आकडे बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

२००९ ला शिंदेंना ३,८७,५९१ मतं पडली. भाजपचे शरद बनसोडे यांना २,८७,९५९. शिंदे ९९,६३२ मतांनी जिंकले.

२०१४ ला तेच दोघं समोरासमोर. शिंदे तेव्हा केंद्रीय गृहमंत्री. त्यांना ३,६८,२०५ मतं, बनसोडेंना ५,१७,८७९. देशाचा गृहमंत्री दीड लाखांनी पडला.

२०१९ ला तिरंगी लढत झाली. भाजपने बनसोडेंना बदलून गौडगावच्या मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर स्वामी यांना आणलं. वंचित बहुजन आघाडीकडून स्वतः प्रकाश आंबेडकर उभे राहिले, अकोल्याबरोबर दुसरी जागा म्हणून. स्वामींना ५,२४,९८५, शिंदेंना ३,६६,३७७ आणि आंबेडकरांना १,७०,००७ मतं मिळाली.

शिंदे आणि आंबेडकर यांची बेरीज ५,३६,३८४ होते, स्वामींपेक्षा ११,३९९ जास्त. त्यामुळे 'वंचितमुळे शिंदे पडले' हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय. पण शिंदेंचे आकडे एकाखाली एक लिहून बघा. ३ लाख ८७ हजार, ३ लाख ६८ हजार, ३ लाख ६६ हजार. २०१४ ला वंचित हा पक्षच नव्हता, तरी त्यांना जवळपास तेवढीच मतं होती. वंचित आल्यावर ती दोन हजारसुद्धा कमी झाली नाहीत. म्हणजे आंबेडकरांची १ लाख ७० हजार मतं शिंदेंच्या ताटातून उचलली गेली, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्यातली काही नक्कीच काँग्रेसकडे गेली असती, पण सगळी गेली असती हे धरून चालणं धाडसाचं आहे.

खरं दुखणं वेगळं होतं. दहा वर्षांत शिंदेंचं मत जागचं हललं नाही, आणि भाजपने मात्र २०१४ मध्येच २ लाख ३० हजार मतं वाढवली आणि पुढे ती टिकवली. नवा मतदार शिंदेंपर्यंत पोहोचलाच नाही.

स्वामींच्या विजयाचं पुढे वेगळंच झालं. राखीव जागेसाठी त्यांनी बेडा जंगम जातीचा दाखला दिला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये जात पडताळणी समितीने तो अवैध ठरवला, प्रकरण हायकोर्टात गेलं. तोवर खासदारकीची मुदत पूर्ण झाली. राखीव जागेवरचा निकाल कोर्टकचेरीत अडकला की मतदाराच्या हातात काय उरतं, हा प्रश्न सोलापुरात तेव्हापासून विचारला जातो.

२०२४ ला भाजपने स्वामींचं तिकीट कापून माळशिरसचे आमदार राम सातपुते यांना दिलं. काँग्रेसकडून शिंदेंची कन्या, शहर मध्यच्या तीन वेळच्या आमदार प्रणिती शिंदे. माळशिरस सोलापूर जिल्ह्यातच आहे, पण लोकसभेला माढ्यात. सातपुते मूळचे बीड जिल्ह्यातले. त्यामुळे प्रचार स्थानिक विरुद्ध उपरा असा रंगला. पण मतपेटीपर्यंत पोहोचलेले विषय गावाकडचे होते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा रोष होता. कांद्याची निर्यातबंदी होती, आणि सोलापूर बाजार समिती ही कांद्याची मोठी पेठ. डिसेंबर २०२३ पासूनची बंदी केंद्राने ४ मे ला उठवली. सोलापूरचं मतदान ७ मे ला होतं. तीन दिवसांत शेतकऱ्याचा राग कुठे जातो?

प्रणिती शिंदेंना ६,२०,२२५ मतं मिळाली, सातपुतेंना ५,४६,०२८. ७४,१९७ चा फरक. मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढ्याने त्यांना भरघोस आघाडी दिली. वंचितच्या उमेदवाराने आधीच माघार घेतली होती, त्याचाही फायदा झाला. सोलापूरला पहिली महिला खासदार मिळाली.

पण भाजपचं मतही २०१९ पेक्षा २१ हजारांनी वाढलंच होतं. याचा अर्थ सहा महिन्यांत कळला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत खुद्द प्रणिती शिंदेंचा शहर मध्य मतदारसंघ भाजपच्या देवेंद्र कोठे यांनी घेतला.

पुढची पुनर्रचना येऊ घातलेल्या जनगणनेनंतर होणार आहे. राखीव जागा शक्यतो जिथे अनुसूचित जातींचं प्रमाण जास्त तिथे ठेवायच्या, पण त्या राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या हव्यात, असा कायद्याचा नियम आहे. १९६२ ला ही जागा सोलापूरहून गेली, २००९ ला परत आली. पुन्हा खुली झाली तर तेलुगू, लिंगायत आणि मराठा इच्छुकांची रांग लागेल, आणि त्या रांगेत एखादा दलित उमेदवार खुल्या जागेवर ९८ सारखा निवडून येईल का, हे तेव्हाच दिसेल.